राउटरच्या पोटातले पाणी

घरातला राउटर एकाएकी मरत नाही. आधी तो दिवसातून एखाद्या वेळी अडखळतो, मग तासातून एकदा. त्याचे सगळे दिवे विझतात आणि पुन्हा एकेक करून लागतात. आपण लाइनला दोष देतो, कंपनीला फोन लावतो. पलीकडून ‘बंद करून परत चालू करा’ असा सल्ला मिळतो आणि गंमत म्हणजे त्याने काही वेळ कामही भागते. थंडीच्या दिवसांत सकाळी राउटर सुरू व्हायलाच तयार नसतो, पण एकदा गरम झाला की दिवसभर कुरकुर न करता चालतो. शेवटी वर्ष-दोन वर्षांत आपण नवा आणतो आणि जुना माळ्यावर टाकतो. त्याला नेमके काय झाले होते, हे विचारण्याच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत असा एखादा टाकाऊ राउटर आणि त्याचा ॲडॉप्टर उघडून पाहण्यासारखा असतो. आत सर्किट बोर्डावर काळ्या चपट्या चिप दिसतात. त्यांच्यामध्ये औषधाच्या इंजेक्शनच्या बाटलीसारखी, प्लॅस्टिकचे वेष्टन चढवलेली काही छोटी नळकांडी उभी असतात. त्यांच्या माथ्याकडे नीट पाहावे. माथा सपाट असेल तर ठीक. तो फुगलेला असेल, किंवा त्याच्यावरची फुलीची खाच उकलून तपकिरी काहीतरी बाहेर आलेले असेल, तर आजाराचे मूळ सापडण्याची शक्यता मोठी. प्रत्येक राउटर याच कारणाने मरतो असे नाही. पावसाळ्यात टेलिफोनच्या तारेतून आलेला विजेचा झटका, कधी सदोष सॉफ्टवेअर, कधी निकृष्ट सांधे, अशी इतरही कारणे असतात. पण हळूहळू आजारी पडत जाणाऱ्या यंत्रात संशय पहिल्यांदा या नळकांड्यावर घ्यावा लागतो.

हे नळकांडे म्हणजे कपॅसिटर. पाठ्यपुस्तकात त्याला धारित्र म्हणतात आणि वायरमन त्याला कंडेन्सर म्हणतो. वायरमनचा शब्द जुना आहे. १७८२ साली व्होल्टाने वापरात आणलेले ते नाव इंग्रजी पुस्तकांतून बरेचसे हद्दपार झाले, आपल्या पंख्याच्या दुरुस्तीत मात्र टिकून आहे. (पंख्यातला कंडेन्सर वेगळ्या जातीचा असतो. त्यात प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते, द्रव नसतो. आपली गोष्ट द्रव असलेल्या जातीची आहे.)

बाटली, माणसे आणि अठ्ठावीस एकर

या उपकरणाचा जन्म १७४५-४६ चा. पोमेरेनियातील एवाल्ड फॉन क्लाइस्ट आणि हॉलंडमधील लायडनचे प्राध्यापक पीटर फान मुशेनब्रुक या दोघांना काही महिन्यांच्या अंतराने, एकमेकांचा पत्ता नसताना, एकच गोष्ट दिसली. काचेच्या बाटलीत विद्युतभार साठवता येतो, आणि तो एकदम बाहेर पडला तर माणसाला जबर धक्का बसतो. मुशेनब्रुक यांनी पॅरिसला रेओम्यूर यांना पत्र लिहून हा प्रयोग कुणी करू नये असे बजावले, आणि अर्थातच युरोपभर सगळ्यांनी तो केला. फ्रान्समध्ये पाद्री नोले यांनी पंधराव्या लुईसमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभे केले आणि बाटलीची वीज त्यांच्यातून सोडली. सगळे एकाच क्षणी उडाले म्हणतात. विज्ञानाच्या इतिहासात राजदरबारची करमणूक आणि खरे संशोधन यांची इतकी सरमिसळ क्वचितच झाली असेल.

या ‘लायडन बाटली’त विद्युतभार धरून ठेवतात ते दोन वाहक थर, आत एक आणि बाहेर एक, आणि मध्ये काच. थरांचे क्षेत्रफळ जितके जास्त आणि मधला विद्युतरोधक थर जितका पातळ, तितकी धारकता जास्त. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे सूत्र पाठ असते, पण त्यातल्या आकड्यांची जाण क्वचितच असते. म्हणून एक हिशेब करून पाहू. राउटरच्या बोर्डावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी नेहमीचा. असा कपॅसिटर धातूच्या दोन सपाट पत्र्यांमध्ये एक मिलिमीटर हवा ठेवून बनवायचा ठरवला, तर पत्रा किती लागेल? एका चौरस मीटरला सुमारे ८.८५ नॅनोफॅरड मिळतात. म्हणजे सुमारे १,१३,००० चौरस मीटर, जवळजवळ २८ एकर पत्रा हवा, आणि तसे दोन. लायडनच्या साध्या बाटलीची धारकता साधारण एक नॅनोफॅरड असते. बाटल्या वापरायच्या तर दहा लाख लागतील.

हे २८ एकर बोटाच्या पेराएवढ्या डबीत कसे मावले, यातच आपल्या राउटरच्या दुखण्याचे मूळ आहे.

गंज नव्हे, कवच

ॲल्युमिनियम हा फार क्रियाशील धातू. तरी त्याचे भांडे पाण्यात विरघळत नाही, कारण हवा लागताच त्याच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ आणि घट्ट थर जमतो. आतल्या धातूला तोच थर वाचवतो. १८५७ साली हाइनरिख बुफ या जर्मन शास्त्रज्ञाला ॲल्युमिनियमचा विद्युतअग्र एक चमत्कारिक गुण दाखवताना आढळला. द्रावणात बुडवला असता तो एका दिशेने वीज जाऊ देतो, उलट दिशेने अडवतो. पॅरिसचे उपकरण-निर्माते यूजेन द्युक्रते यांनी १८७५ च्या सुमारास याच गुणाचा पाठपुरावा केला. अडवणारा तोच ऑक्साइडचा थर होता. धनाग्राला जोडलेल्या ॲल्युमिनियमवर विद्युतदाब जसजसा वाढवत न्यावा तसतसा हा थर जाड होत जातो, दर व्होल्टला साधारण १.४ नॅनोमीटर. म्हणजे थराची जाडी आपल्याला व्होल्टमीटरवर ठरवता येते!

पण ॲल्युमिनियम तेव्हा महाग होते. १८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी विद्युत अपघटनाने ते स्वस्तात काढण्याची रीत शोधली, आणि दहाच वर्षांनी, १८९६ साली, कारोल पोलाक या पोलिश अभियंत्याने पेटंट मागितले. बोरॅक्ससारख्या सौम्य द्रावणात ठेवले तर वीज बंद केल्यावरही ऑक्साइडचा थर टिकतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. टिकणारा, पातळ आणि विद्युतरोधक थर! लायडनच्या काचेची जागा घ्यायला आणखी काय हवे?

पोलाक यांच्याबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. प्रत्यावर्ती प्रवाहाचे दिष्ट प्रवाहात रूपांतर करणारी, चार झडपांची जी पूल-जोडणी आपण बारावीला ग्रेट्झच्या नावाने ऐकतो, तिचे पेटंटही ग्रेट्झ यांच्या लेखाच्या आधी पोलाक यांनीच घेतले होते. राउटरच्या ॲडॉप्टरमध्ये वीज शिरते ती आधी या पुलातून जाते आणि लगेच ॲल्युमिनियमच्या कपॅसिटरमध्ये साठते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एकाच माणसाच्या डोक्यातले हे दोन भाग आजही शेजारी-शेजारी उभे आहेत, आणि त्याचे नाव मात्र कुठेच नाही.

आता आपला २८ एकरांचा हिशेब पुन्हा मांडू. १६ व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये ऑक्साइडचा थर सुमारे ३० नॅनोमीटर धरू. केसाच्या जाडीचा हा अडीच-तीन हजारावा भाग झाला. एक मिलिमीटर हवेऐवजी ३० नॅनोमीटर म्हटल्यावर अंतर ३३ हजार पटींनी घटले. शिवाय ॲल्युमिनियम ऑक्साइड हवेपेक्षा सुमारे नऊ पट चांगले पराविद्युत आहे. दोन्ही मिळून तीन लाख पट. २८ एकरांचे उरले चारशे-पाचशे पानांच्या पुस्तकात नव्हे, तर वर्तमानपत्राच्या एका पूर्ण उघडलेल्या अंकाएवढे क्षेत्र, सुमारे ०.३८ चौरस मीटर. तेही कमी करण्याची युक्ती आहे. ॲल्युमिनियमची पट्टी आधी आम्लाने कुरतडून तिच्यात असंख्य सूक्ष्म विवरे करतात. त्यामुळे तिचे खरे क्षेत्रफळ दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या कितीतरी पट होते. कमी दाबाच्या कपॅसिटरसाठी हा गुणाकार शंभराच्याही पुढे जातो.

मात्र विवरे केली की एक अडचण उभी राहते. दुसरा पत्रा या विवरांच्या आत कसा पोहोचणार? धातूचा पत्रा पोहोचू शकत नाही. द्रव पोहोचतो. म्हणून या कपॅसिटरमधला दुसरा ‘पत्रा’ म्हणजे धातू नसून विद्युत वाहून नेणारा द्रव असतो. नळकांड्यातली दुसरी ॲल्युमिनियमची पट्टी केवळ त्या द्रवाला बाहेरच्या तारेशी जोडते. बहुतेक पाठ्यपुस्तकांतल्या आकृतीत दोन समांतर रेघा काढून हा विषय संपतो, त्यामुळे हा मुद्दा निसटतो. द्रव गेला की कपॅसिटरचा अर्धा भागच गेला.

द्रवाचा आणखी एक उपकार आहे. ऑक्साइडच्या थराला कुठे चीर पडली तर त्या ठिकाणी थोडी वीज गळते, द्रवातला ऑक्सिजन तिथल्या धातूला मिळतो आणि चीर आपोआप बुजते. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारे जाणकार लोक वर्षानुवर्षे पडून राहिलेला संच एकदम पूर्ण दाबावर लावत नाहीत. हळूहळू दाब चढवतात, तो थराची डागडुजी होऊ देण्यासाठीच.

रेडिओची घरघर

पोलाक यांच्या धर्तीचे पहिले कपॅसिटर म्हणजे द्रावणाने भरलेले मोठे डबेच होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या पुरवठ्यातला खरखराट कमी करण्यासाठी ते वापरत. घरात आणायला ते गैरसोयीचे. आडवे केले की सांडायचे. १९२० च्या दशकात रेडिओ बॅटरीवरून घरच्या विजेवर आला आणि निकड वाढली. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. ती दिष्ट केली तरी सेकंदाला १०० हेलकावे उरतात, आणि तेच ध्वनिवर्धकातून घरघर म्हणून ऐकू येतात. हेलकावे शोषून घ्यायला मोठ्या धारकतेचा, पण लहान आकाराचा कपॅसिटर हवा होता. अमेरिकेत सॅम्युअल रूबेन यांनी १९२५ साली पेटंटसाठी मांडलेल्या रचनेत ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांमध्ये द्रवाने भिजवलेला कागद ठेवून त्यांची गुंडाळी केली. तिला ‘सुका’ कपॅसिटर म्हणत, म्हणजे हातात घेतल्यावर सांडत नाही एवढ्याच अर्थाने. पुढे फिलिप मॅलरी यांच्या कारखान्याशी रूबेन यांची जोडी जमली. ड्यूरासेल बॅटरी याच जोडीच्या वारशातली.

आज राउटरमधली गुंडाळी रूबेन यांच्याच धर्तीची आहे. पट्टी, ओला कागद, पट्टी, ओला कागद. खाली रबराचे बूच.

पाणी का वाढवले?

पुढची काही दशके आतला द्रव म्हणजे मुख्यतः एथिलीन ग्लायकॉल आणि बोरिक आम्ल यांचे मिश्रण असे. पाणी अगदी बेताचे. कारण कारखानदारांना ठाऊक होते की ऑक्साइडच्या कवचाला धक्का बसला तर पाणी आणि ॲल्युमिनियम यांची गाठ पडणार:

ॲल्युमिनियम + पाणी → ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड + हायड्रोजन

बंद डबीत हायड्रोजन तयार होणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागणार नाही. माथ्यावरची फुलीची खाच त्यासाठीच असते. डबी बंदुकीच्या गोळीसारखी उडण्यापेक्षा माथा उकलावा, ही सोय.

१९९० च्या दशकात संगणकाच्या प्रोसेसरने चित्र पालटले. नवे प्रोसेसर दोन-तीन व्होल्टवर चालत, पण प्रवाह भरपूर ओढत आणि तोही एका क्षणात कमी, दुसऱ्या क्षणात जास्त. अशा वेळी नुसती धारकता पुरत नाही. कपॅसिटरला साठवलेला भार चटकन देता आला पाहिजे, म्हणजे त्याचा अंतर्गत रोध कमी पाहिजे. ग्लायकॉलचा द्रव दाट आणि आळशी. पाणी मिसळले की आयन मोकळेपणी धावतात आणि रोध उतरतो. शिवाय पाणी स्वस्त. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानी कारखान्यांनी ७० टक्क्यांपर्यंत पाणी असलेले द्रव बाजारात आणले. अर्थात पाण्यासोबत त्यांनी त्याला आवर घालणारी रसायनेही घातली होती, त्यांत फॉस्फेट महत्त्वाचे. ते ऑक्साइडच्या थरावर बसून पाण्याला धातूपर्यंत पोहोचू देत नाही. अशा द्रवात पाणी किती यापेक्षा हे आवर घालणारे पदार्थ किती आणि कोणते, यात खरे गुपित असते.

चोरीची गोष्ट

२००० नंतरच्या एक-दोन वर्षांत जगभर मदरबोर्ड मरू लागले. त्यांच्याबरोबर मोडेम, राउटर, वीजपुरवठ्याचे डबे. हजारो तास चालायला हवेत असे कपॅसिटर काही महिन्यांत फुगत होते. सप्टेंबर २००२ मध्ये एका अमेरिकी व्यापारी नियतकालिकाने बोट तैवानमधल्या कच्च्या मालाकडे दाखवले, आणि फेब्रुवारी २००३ मध्ये अभियंत्यांच्या ‘आयईईई स्पेक्ट्रम’ मासिकाने सविस्तर बातमी दिली. कथा अशी की एक शास्त्रज्ञ जपानी कंपनी सोडून चीनमधल्या एका कंपनीत गेला आणि तिथे त्याने जुन्या मालकाच्या द्रवाची नक्कल बनवली. त्याच्या हाताखालच्या लोकांनी ते सूत्र पुन्हा पळवून तैवानमध्ये विकले. पण पळवलेले सूत्र अर्धवट होते. पाणी आले, आवर घालणारा पदार्थ राहून गेला.

गोष्ट इतकी देखणी आहे की ती सगळ्यांनाच आवडली. चोराच्या पदरी चोराला साजेसे फळ! अमेरिकेत मेरिलंड विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत फुगलेले कपॅसिटर तपासले गेले, तेव्हा त्यांत हायड्रोजन सापडला आणि द्रवात फॉस्फेटची उणीव आढळली. म्हणजे रसायनशास्त्र कथेशी जुळले. चोरीची साखळी मात्र बातमीच्याच पातळीवर राहिली.

आणि या गोष्टीला एक मोठे भोक आहे. डेल या अमेरिकी कंपनीने मे २००३ ते जुलै २००५ या काळात विकलेल्या ऑप्टिप्लेक्स जातीच्या सुमारे १ कोटी १८ लाख संगणकांना या दुखण्याचा धोका होता. त्यांतले सदोष कपॅसिटर तैवानच्या कुणा अनामिक कारखान्याचे नव्हते. ते निचिकॉन या जुन्या, नावाजलेल्या जपानी कंपनीचे होते. तिच्या कपॅसिटरना चोरलेल्या सूत्राची गोष्ट लागू पडत नाही. माझ्या मते चोरीची कथा लोकप्रिय झाली ती यामुळेच, की तिच्यामुळे दोष ‘त्यांच्या’ गळ्यात टाकता येत होता. प्रत्यक्षात पाणी भरलेला, कमी रोधाचा, स्वस्त कपॅसिटर ही कसरतच अवघड होती, आणि तिथे नाणावलेल्यांचाही पाय घसरला.

गणित विभागाचा अपराध

डेलचे प्रकरण बाहेर आले ते एका खटल्यामुळे. २००७ मध्ये एका गिऱ्हाईक कंपनीने दावा लावला. त्यातली कागदपत्रे २०१० साली खुली झाली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या जूनमध्ये ती छापली. शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावा असा त्यात एक प्रसंग आहे. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले संगणक बंद पडू लागले. कंपनीने ते तपासून कारण सांगितले की विभागाने संगणकांना फार अवघड गणिते घालून त्यांच्यावर अतिरिक्त ताण आणला!

संगणकाला गणिते घातली हा गुन्हा. हसू येते, पण इथे वैज्ञानिक विचाराची जी मोडतोड झाली ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. भार वाढला की कपॅसिटर तापतो आणि लवकर जातो, एवढे खरे आहे. पण त्यावरून दोष वापरणाऱ्याचा ठरत नाही, कारण संगणक विकला जातो तो त्यासाठीच. कंपनीसाठी केलेल्या एका पाहणीत, असे कपॅसिटर असलेल्या संगणकांत तीन वर्षांच्या काळात ९७ टक्क्यांपर्यंत बिघाड होऊ शकतात असा अंदाज निघाला होता, आणि २००५ मध्ये दुरुस्त्यांसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले गेले होते. तरी विक्री करणाऱ्यांना हा विषय गिऱ्हाईकांपुढे आपणहून न काढण्याच्या सूचना होत्या. काही ठिकाणी तर सदोष बोर्ड काढून त्याच्या जागी तसाच सदोष बोर्ड बसवला गेला. दाव्यातल्या पक्षांनी २०१० मध्येच तडजोड केली. मधल्या वर्षांत किती कचेऱ्यांत, किती शाळांत ‘तुम्हीच नीट वापरला नसेल’ हे उत्तर ऐकून लोक गप्प बसले असतील, याची मोजदाद कोण ठेवणार?

गुणाकार दहा अंशांचा

ती साथ २००७ च्या सुमारास ओसरली. मग आजचे राउटर का मरतात? याचे उत्तर चोरीत नसून साध्या अंकगणितात आहे. १८८९ साली स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस यांनी उसाच्या साखरेच्या अपघटनाचा अभ्यास करताना रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो याचे सूत्र मांडले. कपॅसिटरच्या धंद्यात त्याचे व्यवहारी रूप असे: तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट, चढले की निम्मे. नळकांड्यावर ‘८५ अंश’ किंवा ‘१०५ अंश’ असे छापलेले असते. त्या तापमानाला साधारण कपॅसिटरचे आयुष्य २००० तास धरतात. महागड्यांचे अधिक असते.

राउटरमध्ये पंखा नसतो. बंद प्लॅस्टिकच्या डबीत बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त असणे सहज शक्य आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीत ४२ अंश, म्हणजे आत ६५. आता ८५ अंशांचा कपॅसिटर घ्या: २० अंशांचा फरक, म्हणजे चौपट, ८००० तास. ऐकायला पुष्कळ वाटते. पण राउटर रात्रंदिवस चालू असतो आणि वर्षाचे तास होतात ८७६०. सतत तेच तापमान राहिले तर वर्षही पुरे होत नाही. त्याच जागी १०५ अंशांचा कपॅसिटर लावला तर ३२,००० तास, म्हणजे तीन वर्षे आठ महिने. तोच कमी प्रतीचा, ८५ अंशांचा कपॅसिटर महाबळेश्वरच्या २२ अंशांच्या खोलीत नेला तर आत ४५ अंश, आणि त्यालाही तेवढेच आयुष्य मिळते. राउटरवर भरतकामाचा रुमाल पांघरणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा. दूरदर्शन संचाच्या, टेबलपंख्याच्या काळापासूनची आपली ही हौस आहे, पण त्या यंत्रांना चोवीस तास जागे राहावे लागत नव्हते.

यातला ‘मृत्यू’ही समजून घेतला पाहिजे. रबराच्या बुचातून द्रवाची वाफ कणाकणाने बाहेर जाते. द्रव आटला की धारकता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. रोध वाढला की कपॅसिटर स्वतःच अधिक तापतो, म्हणजे आणखी आटतो. मग राउटरने जोरात संदेश पाठवायला सुरुवात केली की प्रवाहाची मागणी एकदम वाढते, कपॅसिटर ती पुरवू शकत नाही, बाराचे व्होल्ट क्षणभर नऊवर येतात आणि प्रोसेसर गोंधळून नव्याने सुरू होतो. मल्टिमीटर लावून पाहिले तर तो बिनघोर १२ दाखवतो, कारण तो सरासरी दाखवतो. क्षणाचा खड्डा त्याला दिसत नाही. म्हणून दुकानदार म्हणतो, ॲडॉप्टर चांगला आहे. थंड सकाळी द्रवाचा रोध सर्वांत जास्त असतो, त्यामुळे राउटर उठत नाही. तापल्यावर आयन सुटे होतात आणि तोच राउटर चालू लागतो. सुरुवातीला सांगितलेली सगळी लक्षणे अशी एका धाग्यात बसतात.

यावर उपाय निघालेला आहे. द्रवाऐवजी वीजवाहक बहुवारिक वापरले की आटण्याचा प्रश्नच राहत नाही. ज्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याच कुळातले हे पदार्थ. साथीनंतर मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी ‘सगळे कपॅसिटर घन’ अशी जाहिरातच सुरू केली. पण ते महाग पडतात, आणि ॲडॉप्टरच्या घरगुती विजेच्या बाजूला ३२५ व्होल्ट सोसायला अजून द्रवाचाच कपॅसिटर बसवतात. राउटरच्या किमतीची स्पर्धा शेवटच्या रुपयापर्यंत चालते, तिथे १०५ ऐवजी ८५ अंशांचा कपॅसिटर बसवण्याचा मोह कसा सुटावा?

वर्गासाठी एक प्रयोग

टाकाऊ राउटरच्या बोर्डावरचा (ॲडॉप्टरमधला नव्हे, त्यात घातक दाबाचा भार साठून राहू शकतो) एक मोठा कपॅसिटर शिक्षकाने स्वतः काढावा. १०० ओहमच्या रोधाने त्याची दोन टोके काही सेकंद जोडून तो रिकामा करावा. हातमोजे आणि चष्मा घालून डबी कापावी आणि गुंडाळी उलगडावी. जाड, मळकट आणि सहज मोडणारी पट्टी धनाग्राची. तिची लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ काढावे. डबीवर छापलेला दाब वाचून, थर त्याच्या दीडपट दाबाला वाढवला असे धरून, जाडी काढावी. मग छापलेल्या धारकतेसाठी किती क्षेत्रफळ लागले असते ते सूत्राने काढून दोन आकड्यांचा भागाकार करावा. आम्लाने कुरतडल्यामुळे पट्टी किती पट झाली ते कळेल. पट्टीला आतून-बाहेरून दोन्ही बाजू आहेत, हे विद्यार्थी विसरतात. त्यांना आधी चुकू द्यावे.

मधल्या कागदाला चिमट्याने धरून पाहावे. चांगल्या कपॅसिटरमधला कागद चिकट आणि ओला लागतो. फुगलेल्यातला कित्येकदा कुरकुरीत होतो. तोच आकार, तोच छाप असलेला नवा कपॅसिटर दुकानातून आणून, कापण्याआधीच दोन्ही रसायनशाळेच्या तराजूत तोलून ठेवले असतील, तर वजनातला फरक वहीत लिहून घ्यावा.